सरासरीचा सौदा

आमच्या हारूनभायला ठरलेला भाव ही गोष्टच मान्य नाही. ओमानमधल्या सीबच्या जुन्या सुकात, म्हणजे बाजारात, त्याचं मासेमारीच्या जाळ्यांचं दुकान. डॉक्टरनं पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या तरी हा म्हणणार, "तीन दिवसांत भागवा ना." माझ्या बहिणीनं, फरिदानं, या माणसाबरोबर संसार कसा केला ते तिलाच ठाऊक.

२००३ साली मात्र त्यानं हद्द केली. त्याची मुलगी नूरैन तेव्हा एका खासगी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. कोर्स जोड होता: बारावीनंतर तीन वर्षं सायन्सची डिग्री, आणि पुढं मेडिकलची जागा आधीच राखलेली. मध्ये प्रवेशपरीक्षेची कटकट नाही. पण फुकट काय मिळतं? दर वर्षी चारपैकी किमान तीन गुणांची सरासरी राखायची, आणि दुसऱ्या कुठल्याही मेडिकल कॉलेजात अर्ज करायचा नाही. केला की जागा गेली. सतराव्या वर्षी पोरीनं बाकीची सगळी दारं आपल्या हातानं लावून घेतली होती. आणि आता केमिस्ट्रीत घसरून सरासरी तीनच्या काठावर आली होती. नापास झाली नव्हती, तरी मेडिकल हातचं जायची वेळ.

पोरीनं अभ्यास करायचा, दुसरा इलाज काय? पण हारूनभाय मला म्हणाला, "जैनू, गाडी काढ. मी बोलून येतो."

"कोणाशी? नियम आहे तो!"

"तू गप ऱ्हव. नियमपण माणूसच करतो ना?"

नूरैनलाही बरोबर घेतलं. प्रवेशाचं बघणारे रमणसर सभ्य गृहस्थ, त्यांनी चहा मागवला. हारूनभाय खुर्चीत ऐसपैस बसला आणि म्हणाला, "सर, तीन बहुत ज़्यादा है. ढाई कर दो."

मी कपाळावर हात मारला. रमणसर हसून नाही म्हणाले. मग या शहाण्यानं सुकातला ठेवणीतला डाव टाकला. दुकानदार अडला की उठायचं आणि म्हणायचं, पलीकडचा कमीत देतोय. तो उठला. "ठीक है सर. पूना के मेडिकल कॉलेज में इसका अर्ज़ी दिया है. वो लोग तैयार है."

पुण्यात काही म्हणजे काही नव्हतं! थाप होती नुसती.

रमणसरांचं हसू गेलं. "अर्ज केला असेल तर ही जागा रद्द करावी लागेल," ते नूरैनला इंग्रजीत म्हणाले. "खरं आहे का हे?"

हारूनभायला आपली चूक कळली असावी, पण उठलेलं गिऱ्हाईक परत कसं बसणार? तो तसाच उभा. नूरैननं एकदा त्याच्याकडे पाहिलं.

"नाही सर," ती इंग्रजीत म्हणाली. "माझे वडील खोटं बोलतायत. दुकानात बोलतात तसं. मी कुठंही अर्ज केलेला नाही. सरासरी मी राखेन."

जागा राहिली. तीनचे अडीच अर्थातच झाले नाहीत.

हारूनभायला इंग्रजी कामापुरतं येतं, पण तेवढं त्याला पुरतं कळलं. गाडीत नूरैन मागे रडत होती, "सॉरी अब्बा, सॉरी." हा तिच्यावर ओरडला असता तर मी त्याला भर रस्त्यात उतरवला असता, इतका माझा पारा चढला होता. पण हा काचेतून बाहेर बघत होता.

घरापाशी तो मागे वळला. "रडू नको बेटा. माझी किंमत थोडी उतरली, तुझी जागा राहिली. सौदा चांगला झाला."

त्याचे डोळे भरले होते. मी मात्र एवढा राग घेऊन बसलो होतो, तो आता कोणावर काढायचा ते मला कळेना.