नसलेल्या प्रकरणाकडे

रत्नागिरीच्या त्या ऑफिसात आम्ही एका कंपायलरचं, म्हणजे प्रोग्रॅम संगणकाला कळेल अशा भाषेत उतरवणाऱ्या सॉफ्टवेअरचं, माहितीपुस्तक तयार करायचो. ‘अमुक प्रकरण पाहा’ असं जिथे असेल, तिथून त्या प्रकरणावर जाऊन ते खरंच आहे का बघायचं, चुकलं असेल तर दुरुस्त करायचं, हे ऑफिसातल्या सगळ्यात जुन्या माणसाचं, आम्ही ‘काका’ म्हणायचो त्यांचं काम. परभणीकडून आलेल्या, नववीत शाळा सोडलेल्या मला त्यांनीच हाताखाली घेतलं. कुणी भाट्याच्या किनाऱ्याचा रस्ता विचारला, तरी काका नुसता हात दाखवायचे नाहीत. वळणापर्यंत सोबत जायचे.

पुस्तक छापायला जायच्या दिवशी एक संदर्भ उरला. तो ज्या प्रकरणाकडे पाठवत होता, ते कुणी लिहिलंच नव्हतं. लिहिणारा इंजिनिअर नोकरी सोडून गेला होता. काकांनी त्या संदर्भाच्या जागी घातलं, ‘याची माहिती या पुस्तकात नाही.’

साहेब भडकले. “गिऱ्हाइकासमोर अब्रू काढताय काय, काका? ओळच उडवा!”

“अहो, वाचणारा तिथे अडेल. त्याला वाटेल, आपलंच डोकं कमी.”

साहेबांनी मला ओळ उडवायला खुणावलं. मी माउस हातात घेतला. नोकरी गेली, तर घरी कुठल्या तोंडानं जाणार होतो?

“सरक मेल्या, तुझ्या हातून नको,” म्हणत काकांनी स्वतःच ती ओळ पुसली. चष्मा काढून ते म्हणाले, “झालं, साहेब. आता चूक कुणाला दिसायची नाही.”

माझी नोकरी राहिली. पण ती ओळ माझ्या हातून पुसू न देता स्वतः पुसल्याबद्दल काकांचे आभार कसे मानायचे, ते मला तेव्हा सुचलं नाही, अजूनही सुचत नाही.