चाखून ठरवलेला रंग

आमच्या दुकानातल्या प्रत्येक ओढणीला एक छोटं कार्ड बांधलेलं असायचं. खाकी पुठ्ठा, सुती दोरा आणि त्यावर मीच लिहून छापून घेतलेल्या चार ओळी. कापूस आपल्या काळ्या मातीतला. रंग मुळांचा, फुलांचा, सालींचा. रंगवणाऱ्या बाईला कामाचं पूर्ण मोल. आणि शेवटी, ‘हा रंग जिभेवर चाखून ठरवलेला आहे.’ ही शेवटची ओळ मला फार आवडायची. गिऱ्हाईक वाचता वाचता तिथे थांबायचं, माझ्याकडे बघायचं आणि मग मी मान ताठ करून सांगायला सुरुवात करायचे. आता त्या ओळीकडे मला बघवत नाही. उरलेली कार्डं मी खोक्यात भरून माळ्यावर टाकली आहेत. जाळून टाकायचं धाडस अजून झालेलं नाही.

दुकान वर्ध्यात, आमच्याच घराच्या पुढच्या खोलीत आहे. शाळेतली नोकरी संपल्यावर माझ्या मैत्रिणींनी भिशी लावली, मी ओढण्या विकायला बसले. घरचे हसले. मी मात्र पहिल्यापासून ठरवलं होतं की जे विकायचं ते कुठून आलं, कोणाच्या हातून आलं, हे मला माहीत असलं पाहिजे. माझा स्वभाव तसा तापट आणि शिकवायची सवय जुनी, त्यामुळे ओढणी घ्यायला आलेल्या बाईला अर्धा तास भाषण ऐकावंच लागायचं.

रंगवणारी बाई अल्लीपूरच्या पुढे एका गावात राहते. मी तिला वहिनी म्हणते, ती मला ताई. वयानं माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, नवरा नागपूरला वॉचमन, घरी ती आणि सासू. माझं दुकान निघायच्या पाच-सहा वर्षं आधी बचत गटाच्या प्रशिक्षणात दहा-बारा जणी रंगकाम शिकल्या. बाकीच्यांनी सोडून दिलं, ही टिकली. तिच्या ओसरीवर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली तिनं रंगवलेल्या पहिल्या कापडाचा तुकडा खिळ्याला लावलेला असे, पळसाच्या फुलांचा पिवळा. मी गेले की माझी नजर आधी तिकडे जायची.

कापड रंगात टाकण्याआधी हिरड्याच्या आणि तुरटीच्या पाण्यात भिजवावं लागतं, नाहीतर रंग धरत नाही. ते पाणी पुरेसं तुरट झालं का, हे बघायला वहिनी करंगळी बुडवून जिभेला लावायची, डोळे मिटायची आणि म्हणायची, “अजून नाई.” मग लाल रंगासाठी मंजिष्ठेचं मूळ उकळलं की तेही असंच चाखायचं. मापाचा चमचा, वजनकाटा असलं काही तिच्याकडे नव्हतंच. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी हरखून गेले होते. त्याच दिवशी घरी येऊन मी कार्डावर ती चौथी ओळ घातली.

पुढचं सगळं सुरू झालं ते लाल रंगावरून. पुण्यात माझ्यासारखंच छोटं दुकान चालवणाऱ्या एका बाईंना आमचा लाल फार आवडला. त्यांनी एक गठ्ठा मागवला आणि आठ दिवसांत फोन आला. फोटोत एक लाल, हातात दुसरा, आणि दोन ओढण्या शेजारी ठेवल्या तर बहिणीही वाटत नाहीत. लोक परत पाठवतात, असं त्या म्हणाल्या. त्यांना सगळ्या एकाच रंगाच्या हव्या होत्या, आणि त्या चाखण्याचा एक व्हिडिओसुद्धा हवा होता.

वास्तविक मी त्यांना तिथेच सांगायला हवं होतं. सहा वर्षं मी गिऱ्हाइकांना हेच सांगत आले होते की मुळाचा रंग दोनदा सारखा येत नाही, विहिरीचं पाणी बदललं की रंग बदलतो. पण पुण्याचं काम सोडवत नव्हतं. मी नमुन्याची ओढणी पिशवीत घातली, बस पकडली आणि वहिनीच्या ओसरीवर जाऊन बसले. तिनं ओढणी उजेडात धरून उलटसुलट पाहिली. मुळं एकसारखी नसतात, पाणीही नसतं, मग एकच लाल कसा येणार, असं तिनं शांतपणे विचारलं. मला राग आला. प्रवासानं डोकं दुखत होतं, हेही खरं. मी म्हणाले, “कसं करायचं थे तू पाय, वहिनी. मले हाच लाल पायजे.”

हे वाक्य मी जसंच्या तसं लिहिते आहे, कारण पुढे ते मला परत मिळालं.

तीन आठवड्यांनी गठ्ठा आला. मी दिवाणावर सगळ्या ओढण्या पसरल्या. पहिली ते शेवटची, एकच लाल. काठाला नाही, मधे नाही, कुठे तसूभर फरक नाही. रंग झगझगीत होता, पाण्यात टाकला तरी उतरत नव्हता. माझ्या मनात पाल चुकचुकली. ती मी दोन्ही हातांनी हाकलून लावली. वहिनीचा हात बसला असेल, असं मी स्वतःला सांगितलं आणि प्रत्येक ओढणीला कार्ड बांधलं.

व्हिडिओ काढायला मी पुन्हा गेले तेव्हा दुपार व्हायची होती. आधी वहिनी अंगणात निंबाखाली उघड्यावर रंगवायची. आता तिथे चूल थंड होती आणि घरामागे टिनाचं एक शेड उभं होतं, त्याला कुलूप. शेडच्या भिंतीशी ओल्या पोत्यात गुंडाळलेली बर्फाची लादी ठेवलेली होती. मी हसत विचारलं, कोणी पाव्हणे येणार आहेत काय? ती हो म्हणाली. पण स्वयंपाकघरात पाव्हण्यांची काही तयारी दिसत नव्हती. शेडमधून निघालेल्या नालीच्या दोन्ही कडांचं गवत पिवळं पडून जळाल्यासारखं झालं होतं. घरच्या कोंबड्या अंगणभर फिरत होत्या, तिकडे मात्र एकही जात नव्हती. हवेत नाकात चढणारा एक वास होता. म्हातारी सासू शेडकडे पाठ करून गहू निवडत बसली होती.

हे सगळं मला दिसलं. दिसलं नाही असं म्हटलं तर खोटं होईल. मी फक्त विचारलं की उजेड कुठे चांगला मिळेल.

वहिनी आत जाऊन एका वाडग्यात लाल पाणी घेऊन आली. निंबाखाली बसली. “चाखाचंच हाये का, ताई?” तिनं विचारलं. मी म्हणाले, अगं तेच तर त्यांना पाहिजे. तिनं करंगळी बुडवली, जिभेला लावली, डोळे मिटले. पहिल्यांदा ऊन मागून आलं. दुसऱ्यांदा तिनं तोंड वाकडं केलं. तिसऱ्यांदा छान जमलं. मग ती उठून मोरीशी गेली, थुंकली, तीनदा चूळ भरली. यंदा मुळं फारच कडू निघाली वाटतं, अशी मी तिची थट्टा केली. तीही हसली, पण तोंडावर हात ठेवून. तो व्हिडिओ लोकांना फार आवडला. पुण्याच्या बाईंनी आणखी माल मागवला.

पावसाळ्यात वहिनी गठ्ठा घेऊन दुकानात आली. मी चहा केला तर तो तिनं पार गार होऊ दिला आणि मग औषधासारखा प्यायली. जेवायला भाकर-ठेचा वाढला, तिनं ठेचा बाजूला सारला. तोंड आलंय म्हणाली. मी तिला ज्येष्ठमधाची कांडी दिली, झोप घे म्हटलं, आणि लाल ओढण्या मोजायला लागले. दिवाळीच्या आधी आली तेव्हाही तोंड आलेलंच होतं. या वेळी ती बोलतही कमी होती, आणि बोलताना शब्द डावीकडून ओढल्यासारखा काढत होती.

मग एका सकाळी शेजाऱ्याच्या फोनवरून सासू बोलली. म्हातारीनं आजवर मला कधी फोन केला नव्हता. “सून जेवून नाई राह्यली,” ती म्हणाली. “तुयं आयकते थे. दवाखान्यात घेऊन जाजो तिले.”

मी गेले तेव्हा शेड उघडं होतं. आत दोन मोठ्या बादल्या, बर्फाचे तुकडे, आणि भिंतीशी तीन-चार प्लास्टिकच्या पिशव्या. त्यांच्यावरची लेबलं फाडून काढलेली. माझा चेहरा बघून वहिनीनं काही लपवलं नाही. कापडाचा तुकडा घेऊन पहिल्या बादलीत बुडवला, तो फिकट पिवळसर निघाला. दुसऱ्या, बर्फ घातलेल्या बादलीत घातला आणि डोळ्यांदेखत लाल झाला. तोच लाल. ना हिरडा, ना चूल, ना वाट बघणं. रंगाची पावडर एक माणूस मोटरसायकलवर आणून देतो, तो हातमोजे घाल म्हणाला होता, पण हातमोज्यात कापड कळत नाही, असं तिनं सांगितलं.

“तुमीच म्हनलं ना, कसं करायचं थे तू पाय,” ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मी विचारलं, असलं विष आहे तर चाखतेस कशाला? रोज चाखत नाही, पण बारा वर्षांची सवय आहे, बोट आपोआप तोंडात जातं, असं म्हणून तिनं दाराच्या उजेडात येऊन जीभ बाहेर काढली. डाव्या कडेला रुपयाएवढा पांढरा चट्टा होता, कडा जाड झालेल्या, मधे लालबुंद. त्या जिभेवर मी सहा वर्षं दुकान चालवलं होतं.

वर्ध्याच्या दवाखान्यात आमचा नंबर लागेपर्यंत एक वाजला. डॉक्टर तरुण मुलगी होती, हुशार आणि घाईत. तिनं चट्टा दाबून पाहिला, मानेखालच्या गाठी चाचपल्या आणि कागद पुढे ओढला. तंबाखू? खर्रा? आमच्या भागात हा प्रश्न ती दिवसाला पन्नासदा विचारत असेल.

वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. मग डॉक्टरकडे. “हो,” ती म्हणाली. “खर्रा. लय सालापासून.”

तिनं आयुष्यात सुपारीचं खांडसुद्धा खाल्लेलं नव्हतं. डॉक्टर लिहायला लागली. त्या दोन ओळी लिहून होईपर्यंत मी गप्प बसले, हे मला कबूल केलंच पाहिजे. वहिनीनं मला सोडवलं होतं. दुकान, कार्ड, व्हिडिओ, सगळं त्या एका शब्दात झाकलं गेलं होतं, आणि मला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची मला किळस येते.

डॉक्टरनं पान उलटलं तेव्हा मी बोलले. खर्रा नाही, म्हटलं. ही कापड रंगवते आणि रंग चाखते. माझ्यासाठी चाखते.

डॉक्टरचं पेन थांबलं. तिनं आधी लिहिलेलं खोडलं आणि विचारलं, कोणता रंग? नाव काय त्याचं? मी वहिनीकडे पाहिलं, वहिनीनं जमिनीकडे. लेबल फाडूनच देतो तो, ती पुटपुटली. डॉक्टरनं त्या ठिकाणी जागा मोकळी सोडली. कशामुळे झालं ते आत्ता सांगता येणार नाही, पण तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल, आणि ती पावडर घेऊन या, असं ती म्हणाली. माझ्या कार्डावर शेताच्या मातीपासून सगळं लिहिलेलं होतं. त्या कागदावर भरायला माझ्याकडे एक शब्द नव्हता.

तुकडा काढून झाल्यावर वहिनी बाहेरच्या बाकावर तोंडात कापसाचा बोळा धरून बसली. बऱ्याच वेळानं तिनं तो काढला. माझ्यावर ती चिडली होती, पहिल्यांदाच.

“काऊन सांगतलं, ताई? आता तुमी काम बंद करसान.”

मी म्हणाले, नाही करणार. ते शेड बंद कर, पुन्हा चूल पेटव, मुळांचा जसा येईल तसा लाल मी घेईन. दहा ओढण्यांचे दहा रंग आले तरी घेईन.

तिनं बोळ्यावरचं रक्त पाहिलं आणि तो परत तोंडात धरण्याआधी म्हणाली, “हे तुमी तवा म्हनायले पायजे होतं.”

रिपोर्ट गुरुवारी मिळणार आहे. पिशवीतली पावडर मी डबीत भरून दवाखान्यात दिली, डबीवर रंगाचं नाव लिहायचं होतं तिथे वहिनीचं लिहिलं.