कासाकासा म्हणजे सळसळ

शैलजा नवऱ्याबरोबर सांगलीहून जपानला, टोकियोतल्या निशी-कसाईला आली, त्याला नऊ वर्षं झाली. आठवड्यातले चार दिवस ती जेवणाच्या डब्यांच्या दुकानात अर्धवेळ काम करायची आणि शनिवारी दुपारी सात मुलांना मराठी शिकवायची. मुलं यायची ती आयांच्या धाकानं. अकरा वर्षांची नेत्रा तर मराठीत विचारलं की जपानीतच उत्तर द्यायची.

त्या शनिवारी गोष्ट लिहायची होती, बागेत घडणारी. सातही वह्यांत एकच बाग निघाली: ‘एक बाग होती. बाग खूप सुंदर होती.’

शैलजाने कपाळावर हात मारला आणि साऱ्यांना सरळ स्टेशनजवळच्या बागेत नेलं.

“डोळे मिटा. काय ऐकू येतंय?”

“सायकल,” ऋषी म्हणाला.

“कशी वाजतेय?”

मग नेत्रा हळूच म्हणाली, “किई-किई.”

‘मराठीत सांग’ हे शब्द शैलजाच्या ओठांवर आले होते. ते तिनं गिळले. “बरोबर. सांगलीत तिचा ब्रेक करकरतो. आणि ही वाळकी पानं?”

“कासाकासा.”

“आमच्याकडे सळसळ.”

मुलांना गंमत वाटली. ऋषीनं खिशातलं तांदळाचं बिस्किट कडकन चावलं. “साकुसाकु!”

“कुरुमकुरुम,” शैलजा म्हणाली, आणि मुलं खो-खो हसत सुटली. मग कुणी मातीचा वास घेतला, कुणी झाडाच्या सालीवर गाल घासून पाहिला. तासाभरात बागेतली एकही वस्तू बिननावाची राहिली नाही. या पोरांना कान-नाक सगळं होतं, अडलं होतं ते शब्दांपाशी, हे शैलजाला आत्ता उमगलं. इतके दिवस आपण नुसतं दटावत होतो, याची तिला थोडी लाजही वाटली.

नेत्रानं लिहिलं: ‘बाकडं ओलं आहे. फ्रॉकमधून गार लागतं. पानं सळसळतात. कुठून तरी भाजलेल्या रताळ्यांचा वास येतो आणि पोट कुरकुरतं.’

रविवारी नेत्राच्या आईचा, अस्मिताचा फोन आला. “ताई, काल हिनं कोल्हापूरच्या आजोबांना फोनवर गोष्ट वाचून दाखवली. ते म्हणाले, बाकडं ओलं कशानं झालं गं? तर ही त्यांच्याशी पाऊण तास मराठीत बोलत बसली. आजोबा रडले हो, आनंदानं.”

“आणि नेत्रा?”

“ती विचारतेय, पुढच्या शनिवारी बाजारात नेणार का?”

शैलजा हसली. “सांगा तिला, मासळीबाजारात नेते. नाक तयार ठेव म्हणावं.”