कपाशीला बांधलेलं सूत

नागपुरातला घरचा हातमाग बंद पडला आणि कौसल्या निमजे पन्नाशीत पहिल्यांदा कपाशीच्या शेतात उतरली. सत्तरच्या दशकात संकरित बियाणं नवंच होतं. उमरेड रोडच्या शेतांत ते तयार करायचे प्लॉट लागत होते. फुलाला स्वतःचे पराग लागू नयेत म्हणून उमलायच्या आदल्या संध्याकाळी कळी उघडून परागकोष नखानं काढून टाकायचे. सकाळी दुसऱ्या वाणाच्या फुलाचे पराग तिच्या मधल्या दांडीवर घासायचे, आणि ओळखीसाठी देठाला दोरा बांधायचा.

"दांडी मोडली तं बोंड गेलं वं," मुकादमीण सुभद्रानं बजावलं.

"तुटलेले धागे जोडता जोडता म्हातारी झाली मी. मले शिकवू नको," कौसल्या फणकारली. तिच्या हातून एकही दांडी मोडली नाही.

मालकानं दिलेला दोरा मात्र तिनं परत केला. मागावर उरलेलं सूत ती घरून घेऊन आली होती. जिच्यावर जन्मभर चूल पेटली, त्या कपाशीचं फूल ती आत्ता कुठे पाहत होती. पराग लावून झाले की ती देठाला ते सूत बांधायची आणि हळूच म्हणायची, "घे वं माय, तुयंच हाय."