धाकट्याच्या गाडीचा बंपर

गॅरेजांच्या त्या गल्लीत त्याला सगळे मिस्त्री म्हणत. फायबरचे बंपर बनवणं हा त्याचा धंदा. कंपनीचा बंपर सगळ्यांच्या गाडीला सारखाच असतो; ज्याला आपली गाडी चारचौघांत उठून दिसावी असं वाटे, तो मिस्त्रीकडे येई. फायबरचे बारीक तंतू कातडीत शिरून अंगाला सारखी खाज सुटे आणि रसायनाचा वास तर कितीही आंघोळ केली तरी जात नसे. बायको म्हणायची, "तुम्ही आलात हे आधी नाकाला कळतं, मग डोळ्यांना."

त्याचा धाकटा भाऊ म्हणजे आईचं शेंडेफळ. वडील गेले तेव्हा मिस्त्रीने शाळा सोडून हातात पाना घेतला, म्हणून धाकट्याचं शिक्षण पुरं झालं. धाकटा विम्याच्या कचेरीत लागला, इस्त्रीच्या कपड्यांत वावरायला लागला, त्याने छोटी पांढरी गाडी घेतली आणि आईला आपल्याकडे राहायला नेलं. गल्लीतून जावंच लागलं तर तो गाडीच्या काचा वर करून जाई. थोरल्या भावाचं गॅरेज मध्येच लागतं, हे जणू त्याच्या गावीही नसे. मिस्त्री ते मनावर घेत नव्हता. निदान बायकोला तसं सांगत होता.

तर असा हा धाकटा एके दिवशी सकाळीच गाडी घेऊन गॅरेजात आत शिरला. गाडीचं तोंड फुटलेलं. बंपर अर्धा लोंबत होता, डाव्या बाजूची जाळी तुटून पडलेली.

"काय झालं रे?"

"खांबाला धडकली. मागे घेताना... म्हणजे पुढे घेताना. डोळा लागला जरा."

"तुला लागलं नाही ना?"

"नाही. दादा, मला तू बनवलेला बंपर पाहिजे."

मिस्त्रीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "अरे, पण तुला कंपनीचा मिळेल की."

"कंपनीचा नको. तुझ्या हातचा पाहिजे. एकदम वेगळा. गाडी ओळखू येता कामा नये."

हे शेवटचं वाक्य मिस्त्रीने कौतुक म्हणून ऐकलं. माणसाच्या कानाला हवं तेच ऐकू येतं. दारातल्या गिऱ्हाइकाला त्याने उद्यावर ढकललं, फुटका बंपर उतरवून मागच्या भंगारात टाकला आणि फोमचा ठोकळा घेऊन बसला.

तसं काम त्याने आधी केलं नव्हतं आणि नंतरही त्याच्या हातून झालं नाही. फोम कापून त्याने आधी गाडीच्या तोंडाचा आकार काढला. छोटी गाडी, तिला उगाच राक्षसी जबडा लावला तर उंदराने वाघाचा मुखवटा घातल्यासारखं दिसतं. म्हणून त्याने रेषा खाली ठेवल्या, कडा मऊ घेतल्या. वरून पुट्टी फासली, पॉलिश पेपरने घासघासून तळहाताला कुठे काही अडेनासं केलं. मग साचा. साच्यात मेण, मेणावर रंगाचा थर, त्यावर फायबरची मॅट आणि रेझिन, पुन्हा मॅट, पुन्हा रेझिन. धाकटा रोज कचेरी सुटल्यावर येऊन शेजारी बसे, हातात ब्रश देई, एकदा तर स्वतः चहा घेऊन आला. मिस्त्री घरी जाऊन बायकोला म्हणाला, "रक्त शेवटी रक्ताकडे वळतंच बघ."

बायको नुसती "हं" म्हणाली.

बसवताना खरी कसोटी असते. साच्यातला बंपर कितीही देखणा असो, बॉनेट आणि मडगार्डशी त्याची फट सगळीकडे सारखी आली नाही तर सगळं मुसळ केरात. मिस्त्रीने ब्रॅकेट दोनदा कापून पुन्हा जोडले. शेवटचा बोल्ट आवळला तेव्हा फटीवरून बोट फिरवलं तर ते कुठेच अडखळलं नाही. धाकट्याच्या सांगण्यावरून सगळी गाडी काळपट राखाडी रंगवली होती. आई मुद्दाम बघायला आली. दोघा भावांना शेजारी उभं बघून तिने पदराने डोळे पुसले. मिस्त्रीला वाटलं, सुखाने पुसले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी गल्लीच्या तोंडाशी बसणारा पंक्चरवाला गॅरेजा-गॅरेजातून फिरताना दिसला. त्याची बायको बेकरीत कामाला होती. पहाटे कामावर जाताना तिला एका गाडीने उडवलं होतं आणि गाडीवाला न थांबता निघून गेला होता, हे मिस्त्रीला ठाऊक होतं. दवाखान्यात तिचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला, हेही कानावर आलं होतं. धाकट्याच्या कामाच्या नादात भेटायला जायचं राहून गेलं होतं.

पंक्चरवाल्याने रुमालाची पुरचुंडी सोडली. आत पांढऱ्या प्लास्टिकचा तुकडा होता, जाळीची दोन पानं अजून चिकटलेली.

"रस्त्यावर सापडला. पोलीस म्हणतात, अशा शेकडो गाड्या आहेत. मिस्त्री, तुमच्या हाताखालून गाड्यांची सगळी तोंडं गेलीत. ही कुठल्या गाडीची, ते तरी सांगा."

मिस्त्रीने तुकडा हातात घेतला. सांगायला फार वेळ लागत नव्हता.

"नाही बुवा," तो म्हणाला. "असं एका तुकड्यावरून नाही सांगता येणार."

पंक्चरवाल्याने पुरचुंडी पुन्हा बांधली. "बघा, आठवलं तर," म्हणाला आणि पुढच्या गॅरेजात गेला.

मिस्त्री मागे भंगारात गेला. धाकट्याचा फुटका बंपर पत्र्यांखालून ओढून काढला. डाव्या बाजूला जिथे जाळी तुटली होती, तिथली खाच तो बघत राहिला. तुकडा आता हातात नव्हता, पण लागत कशाला होता? हाताने त्याचं माप आधीच घेतलं होतं.

संध्याकाळी तो धाकट्याच्या घरी गेला.

"खांब होता ना रे?"

धाकट्याचा चेहरा पडला, पण घटकाभरच. "दादा, अंधार होता. ती एकदम समोर आली."

"आणि तू थांबला नाहीस."

"थांबून काय झालं असतं? नोकरी गेली असती. आणि आता तूही यात आहेस. गाडी तू बदललीस, मी नाही."

मिस्त्रीने आईकडे पाहिलं. आई निवांत शेंगा सोलत बसली होती. तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला.

"आई, तुला माहीत होतं?"

"मीच म्हटलं याला, दादाकडे जा म्हणून," आई म्हणाली. "सर्व्हिस सेंटरला नेली असती तर चौकशा झाल्या असत्या. जन्मभर त्याच्यासाठी केलंस, आता एवढ्याने तुझं काय जातंय?"

तो ब्रश देणारा हात, तो चहा, ते पुसलेले डोळे. सगळं गिऱ्हाइकाने कारागिराला गोड बोलून काम काढून घ्यावं तसं होतं. गिऱ्हाईक निदान घासाघीस तरी करतं.

दुसऱ्या दिवशी त्याने फुटका बंपर खांद्यावर टाकला आणि पंक्चरवाल्यासमोर नेऊन ठेवला. दोघे मिळून पोलीस चौकीत गेले. तुकडा खाचेत टाळ्याला जीभ लागावी तसा बसला. जबाब देताना मिस्त्रीने काही राखून ठेवलं नाही, काल आपण खोटं बोललो तेही नाही. बाहेर आल्यावर त्याला वाटलं, पंक्चरवाला काहीतरी बोलेल.

पंक्चरवाला बोलला. "काल तुकडा तुमच्या हातात होता, मिस्त्री. एक रात्र लागली तुम्हाला. मी त्या रात्री तिच्या उशाशी बसून तिला सांगत होतो, मिस्त्रीलाही नाही कळलं, तर आता कुणाला कळणार."

आणि तो एकटाच पुढे चालत गेला.

धाकट्याला शिक्षा झाली, पण बेताची. वकील चांगला होता. तो सुटून आला, दुसऱ्या कचेरीत लागला. मिस्त्री चौकशीतून सुटला, पण धाकट्याच्या घराचं दार त्याला बंद झालं. तो दाराशी गेला की आतून कडी लागे आणि आईचा आवाज येई, "म्हणावं, माझा एकच मुलगा आहे."

धंदा मात्र वाढला. खटल्याच्या बातमीत गाडीचा फोटो आला होता. पोरं तो दाखवून म्हणत, "आम्हाला असाच बंपर पाहिजे." मिस्त्रीने साचा घणाने फोडला. मग पलीकडच्या गॅरेजवाल्याने नुसत्या फोटोवरून तसा साचा बनवला आणि गल्लीतून तीच तोंडं जाऊ-येऊ लागली. मिस्त्री खाली बघून काम करायला शिकला.

पंक्चरवाल्याची बायको कुबडी घेऊन बेकरीत पुन्हा जायला लागली. समोर आली तर मिस्त्री बाजूला होऊन वाट देई. ती जाई, बघत नसे.

एका दुपारी तो पॉलिश पेपर मारत असताना दारात सावली पडली. पंक्चरवाला होता. इतक्या वर्षांत तो या उंबऱ्याशी आला नव्हता. मिस्त्रीने घाईघाईने स्टूल पुढे सरकवलं.

पंक्चरवाला बसला नाही.

"तुमची आई गेली, सकाळी," तो म्हणाला. "तुम्हाला कुणी कळवणार नाही, म्हणून आलो."

मिस्त्रीने हात पुसायला फडकं शोधलं. ते सापडेपर्यंत दारात कुणी नव्हतं.