नायगावचं पाणी आणि सिल्व्हर नायट्रेट

विरारच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी केमिस्ट्री शिकवतो. बारावीच्या प्रॅक्टिकलच्या आदल्या संध्याकाळी कळलं, लॅबमधलं डिस्टिल्ड वॉटर संपलंय. मी ऐटीत म्हटलं, "घरून आणतो." नायगावच्या आमच्या टॉवरमध्ये नवा फिल्टर बसला होता. त्यावर माझा इतका विश्वास, की टॉवर खाडीला खेटून आहे आणि बोअरचं पाणी खारं येतं, हे मी साफ विसरलो.

परीक्षेत ओळखायला पांढऱ्या पुड्या दिल्या होत्या. मिठागराच्या गावातली एक मुलगी दुसऱ्यांदा बसली होती. केमिस्ट्री सुटली तरच तिला नर्सिंगला जाता येणार होतं. तिच्या पुडीत सोडियम नायट्रेट. ज्योत सोनेरी पिवळी झाली, म्हणजे सोडियम, इथवर ठीक. मग सिल्व्हर नायट्रेट घातल्यावर दह्यासारखा पांढरा साका पडला, तो अमोनियात विरघळलाही; ही क्लोराइडची खूण. तिने लिहिलं, सोडियम क्लोराइड. म्हणजे मीठ.

"अगं, घरी मिठागर आहे म्हणून इथेही मीठच?" मी म्हणालो. पोरं हसली.

"पन सर, साका पडला ना. मी काय करू?" तिचे डोळे भरले.

ज्याच्या पुडीत सल्फेट होतं तो शेजारचा मुलगा म्हणाला, "सर, माझंपण क्लोराइड." मागून आवाज, "माझंपण!"

मी रिकाम्या परीक्षानळीत नुसतं घरून आणलेलं पाणी घेतलं, सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले. दूध!

बाहेरून आलेल्या परीक्षक बाई बघतच होत्या. "हे पाणी पिता तुम्ही?"

"फिल्टरचं आहे, मॅडम."

"मग आमटीत वेगळं मीठ घालत नसाल."

डिस्टिल्ड वॉटर आणायला ॲप्रनसकट मी फुलपाड्यातल्या बॅटरीच्या दुकानात धावलो. दुकानदार म्हणाला, "इन्व्हर्टर बंद पडला का, सर?"

"नाही हो, अख्खी बॅच बंद पडलीय!"

बाईंनी सगळ्यांना पुन्हा वेळ दिला. मुलीने नळ्या नव्या पाण्याने विसळल्या. या वेळी सिल्व्हर नायट्रेट घालूनही द्रावण नितळच. तिने माझ्याकडे पाहिलं. काही सुचवायची सोय नव्हती, म्हणून मी खिडकीबाहेर बघत राहिलो. मग तिने आपणहून फेरस सल्फेट घेतलं, नळी तिरपी धरली आणि कडेकडेने ॲसिड सोडलं. तपकिरी कडं उमटलं, नायट्रेटची खूण.

"सर, आधीचं खोडू?"

"खोड. ते मीठ माझ्या घरचं होतं."

ती हसली, खोडून 'नायट्रेट' लिहिलं. बाईंनी तिथेच बरोबरची खूण केली.