वाहुळेबाईंचा शंभर मार्कांचा पेपर

वाहुळेबाई खुर्चीवर बसायच्या आधी तिच्यावर वर्तमानपत्र अंथरायच्या. अंबडला आमच्या दवाखान्यात त्या पहिल्यांदा आल्या, तेव्हा अर्धा तास उभ्याच होत्या. सगळ्या खुर्च्या रिकाम्या आणि ही बाई भिंतीला खेटून उभी, हे बघून माझं डोकं सणकलं. मी तिथली जुनी सिस्टर, तोंडाची फटकळ. म्हटलं, "बाई, खुर्च्यांना काटे लावलेत का आम्ही?" त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्र काढलं, घडी करून खुर्चीवर ठेवलं आणि बसल्या. वर मलाच म्हणाल्या, "आधी अग्रलेख वाचते, मंग त्याच्यावर बसते. दुसरा काय उपयोग हाय त्याचा?" वर्तमानपत्र कशाला, ते मला लगेच कळलं. अंगावरून जाऊन खुर्चीला डाग पडेल या धास्तीनं असं काहीतरी अंथरून बसणाऱ्या आमच्याकडे पुष्कळ येतात. अग्रलेख वाचून त्याच्यावर बसणाऱ्या मात्र ह्या एकट्याच.

बाई कुंभार पिंपळगावला शिक्षिका होत्या. वय सत्तेचाळीस, हाडापेरानं उंच, आणि आवाज असा की बाहेर चपला काढणारी माणसंही सरळ रांगेत काढायची. गर्भाशयात गाठी झालेल्या. साध्याच, कॅन्सरच्या नव्हेत, पण महिन्यातले बारा-बारा दिवस अंगावरून जायचं. गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, दीड वर्ष गेलं. रक्त सातवर आलं तेव्हा आमचे डॉक्टर म्हणाले, "पिशवी काढून टाकू. त्रास जाईल."

"त्रास जाईल, हे उत्तर झालं न्हाई, सर," बाई म्हणाल्या. "कोणता त्रास, किती जाईल, काय राहील? मुद्देसूद सांगा."

इतक्या बायकांना सरांनी ते वाक्य ऐकवलं होतं, आणि प्रत्येकीनं मान डोलावली होती. मीही शेजारी उभी राहून डोलावली होती. सर कागदावर गर्भाशयाचं चित्र काढू लागले. बाई उठल्या, म्हणाल्या, "असू द्या. पेपर मीच काढून आणते."

आणि आठ दिवसांनी खरोखर घेऊन आल्या. वहीचं पान, समास आखलेला, एकूण गुण शंभर. फळ्यावर सरळ उभं राहून लिहिता येणं, पंचवीस. एसटीनं पिंपळगावाहून अंबडला मध्ये न उतरता येणं, पंधरा. जिना चढताना धाप न लागणं, दहा. कंबर, दहा. आणि शेवटचा प्रश्न चाळीस मार्कांचा: वैशाख पौर्णिमेला विहारात पांढरी साडी नेसून पुढे बसणं.

फळ्याचं मी विचारलं. फळ्यावर लिहायचं तर वर्गाकडे पाठ करावी लागते. बाईंनी चार वर्षं कधी पाठ केली नव्हती, तिरक्या उभ्या राहून लिहायच्या. "पोरांना वाटतं, बाईंची स्टाइलच हाय," त्या म्हणाल्या. "दोन पोरी तशाच वाकड्या उभ्या राहून लिहू लागल्यात. त्यांच्या आयांना काय सांगू?"

पांढऱ्या साडीचं मात्र त्यांनी हसून सांगितलं नाही. पौर्णिमेला त्यांच्याकडच्या सगळ्या बायका पांढऱ्या साड्या नेसून वंदनेला पुढे बसतात. त्यातल्या निम्म्यांना वंदना बाईंनीच शिकवलेली. पण चार वर्षं बाई काळपट जांभळी साडी नेसून मागे भिंतीशी उभ्या असायच्या. "मी व्यवस्था बघते," असं सांगायच्या. बायका म्हणायच्या, वाहुळेबाईला पगाराचा गर्व आला, आता सतरंजीवर बसवत नाही तिला. "विटाळ-बिटाळ आपण कधीच सोडला, सिस्टर. विहारात कुणी अडवत न्हाई. पण पांढऱ्यावर डाग पडला तर लोकांच्या देखत उठायचं कसं?" मला त्या क्षणी त्यांची फार माया आली, आणि मान डोलावत काढलेल्या वर्षांची थोडी लाजही वाटली.

सरांनी पेपर दोनदा वाचला. म्हणाले, "बाई, कंबरेचं मी सांगू शकत नाही. ती गाठींमुळेच दुखते असं काही नाही. राहिली तर राहील."

"बराबर. मंग तो प्रश्न ऐच्छिक करते," बाई म्हणाल्या आणि लाल पेनानं तशी नोंद केली. "आधीच खरं सांगितलं, हे चांगलं केलं तुम्ही."

अडचण होती ती तारखेची. तेव्हा फेब्रुवारी चालू होता. रक्त दहाच्या वर गेल्याशिवाय सर हात लावणार नव्हते, आणि ऑपरेशननंतर दीड-दोन महिने आराम. मार्चच्या सुरुवातीला झालं नाही तर पौर्णिमा हुकणार. "उन्हाळ्याच्या सुट्टीत करा की निवांत, सगळ्या शिक्षिका तेव्हाच करतात," मी म्हटलं. "सुट्टीत केलं तर पौर्णिमा खाटेवर जाईल. पांढरी साडी काय पुढल्या साली नेसू?" असं त्यांनी मलाच सुनावलं. लोहाची इंजेक्शनं घ्यायला त्या एसटीनं यायच्या, कपडा बदलायला घनसावंगीला उतरायच्या, मागच्या गाडीनं पुढे यायच्या. पिशवीत गूळ-शेंगदाणे. सुई टोचताना विचारायच्या, "किती झालं असंल आता?" टोचल्या टोचल्या रक्त वाढत नाही, हे त्यांना मी पाच वेळा समजावलं.

गावात बोलणारे होतेच. शेजारीण म्हणाली, पिशवी काढली की बाई ही बाई राहत न्हाई. "मंग हजेरीपटातून माझं नाव कमी करा," बाईंचं उत्तर. नवरा जालन्याच्या एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात, गरीब स्वभावाचा माणूस. तो सही करायला आला आणि कागद पहिल्या ओळीपासून वाचत बसला. बाई म्हणाल्या, "जल्दी करा. लग्नाच्या टायमाला तर लई झटक्यात केल्ती."

मार्चच्या पहिल्या आठवड्यात रक्त दहाच्या वर निघालं. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी मी त्यांना आत न्यायला गेले, तर त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. "सिस्टर, भेव वाटून राह्यलं. हे कुणाला सांगू नका." मी म्हटलं, "कुणालाही वाटतं, बाई." त्या म्हणाल्या, "मला न्हाई वाटत कधी. तेच तर." ऑपरेशन नीट पार पडलं. तिसऱ्या दिवशी दुपारी मात्र त्या खिडकीकडे तोंड करून रडताना दिसल्या. टाके दुखतात का विचारलं, तर नाही म्हणून मान हलवली. "दोन्ही लेकरं तिथंच वाढली होती माझी. आज रिकामं रिकामं वाटून राह्यलं. हा प्रश्न अभ्यासक्रमाच्या बाहेरचा आला, सिस्टर." मी शेजारी बसले आणि त्यांची वेणी घालून दिली.

सहा आठवड्यांनी त्या तपासणीला आल्या, एकाच एसटीनं, न उतरता. जिना चढून आल्या आणि खुर्चीवर तशाच बसल्या. सरांपुढे पेपर ठेवला. एसटी पंधरापैकी पंधरा. जिना दहापैकी नऊ, कारण वरच्या पायरीवर जरा दम लागला. कंबर दुखत होती, पण प्रश्न ऐच्छिक. शाळेत अजून जायचं होतं, तरी घरी भिंतीवर खडूनं लिहून सराव केला म्हणून फळ्याचे पंचवीस देऊन टाकले. शेवटची जागा कोरी होती. सरांनी, मी सांगते, शाळकरी पोरासारखं विचारलं, "पास आहे ना मी, बाई?"

"निकाल पौर्णिमेनंतर," बाई म्हणाल्या.

पौर्णिमेला मी रजा टाकून पिंपळगावला गेले. बाई पांढरीशुभ्र साडी नेसून पहिल्या ओळीत, पाठ ताठ. वंदना संपेपर्यंत त्या एकदाही हलल्या नाहीत. माझ्या डोळ्यांना पाणी आलं, लपवत नाही. मग त्यांना चार शब्द बोलायला बोलावलं. बाई माइकसमोर उभ्या राहिल्या, गर्दीवरून नजर फिरवली आणि ती मागच्या भिंतीशी अडकली. तिथे पाच बायका उभ्या होत्या. गडद साड्या, हात बांधलेले.

बाईंनी माइक हातात घेतला. मग म्हणाल्या, "चार साल मी तिथं उभी होते. तुम्ही म्हणायचे गर्व आल्ता. गर्व न्हाई, माझ्या अंगावरून जायचं, आणि डागाला भेत होते." पुरुष मंडळी खाली बघू लागली. बाईंना त्याचं काहीच नव्हतं. "आता मागच्या पाचजणी. खीर वाटायला दोघी पुष्कळ झाल्या, पाच-पाच जणी कोणती व्यवस्था बघून राह्यल्या? पुढं या. हाय त्या साडीवर या. सतरंजी खराब झाली तर मी धुते."

कुणी हललं नाही. मग एक हिरव्या साडीची मुलगी, विशीतली असेल, मान खाली घालून चालत आली आणि पहिल्या ओळीत बाईंच्या रिकाम्या जागेवर बसली. तिच्यामागून दुसरी आली. मग उरलेल्या तिघी आल्या. पांढऱ्या साड्यांनी सरकून जागा केली.

पुढच्या सोमवारी बाई पेपर घेऊन दवाखान्यात हजर. चेहरा पडलेला. सर घाबरले, म्हणाले, "का हो, साडीचं काही झालं का?"

"साडीला काय होतंय. माझाच प्रश्न चुकला, सर," बाई म्हणाल्या. "ऑपरेशन लागतच होतं, त्याचं काही न्हाई. पण पुढं बसायला पांढरीच साडी कशाला पाहिजे होती? जांभळीवर बसले असते तर कोण उठवणार होतं मला? ती हिरवीवाली पोरगी बसली की. मी चार साल मागं उभी राह्यले, म्हणून ती पण उभी राह्यली. तिला वाटलं असंल, बाई उभ्या राहतात म्हंजी असंच असतंय."

सरांनी पेपरातली कोरी जागा बघितली. त्यांनी हळूच विचारलं, "मग आमचे चाळीस मार्क?"

बाईंनी लाल पेन काढलं आणि कोऱ्या जागेत चाळीस लिहिले. "प्रश्नच चुकीचा निघाला की मार्क सगळ्यांना द्यावे लागतात," त्या म्हणाल्या, "पेपर काढणारी सोडून."